चारशे तेरावं घर

"देगलूरकर, हे मधे भोक कसलं पडलंय?"

मुजावरसाहेबांनी मॉनिटरच्या काचेवर बोट टेकवलं. निळ्या रंगाच्या मोठ्या वेड्यावाकड्या डागाच्या मधोमध करंगळीच्या नखाएवढी पांढरी जागा होती आणि त्या पांढऱ्यात एकच काळा ठिपका.

"भोक नाही साहेब, टेकडी आहे ती. पाणी तिच्या भोवतीनं जाणार."

"प्रोग्रॅममधली चूक नाही ना?"

"नाही. बरोबर आहे."

"मग ठीक. जे बुडत नाही ते बाधित नाही," साहेब म्हणाले आणि चष्मा पुसत आपल्या टेबलाकडे गेले. शेजारच्या टेबलावर नकाशा पसरून बसलेले नलवडे मात्र मान वर करून म्हणाले, "साहेब, पाण्याच्या रेघेपासनं जेमतेम सात मीटर वर हाय ती जागा. यादी छापायच्या आधी एकदा जाऊन बघितलेलं बरं."

"जाऊन या. यांनाही घेऊन जा. यांनी अजून एक दगड बघितला नाही त्या खोऱ्यातला."

ते खरं होतं. १९९८ सालचा ऑक्टोबर होता, मी पंचवीस वर्षांचा होतो आणि पुण्यातल्या एका लहानशा कंपनीनं मला एका तालुक्याच्या गावच्या पुनर्वसन कार्यालयात दोन संगणक, एक डिजिटायझर आणि सहा महिन्यांची मुदत देऊन पाठवलं होतं. डोंगरातल्या एका नदीवर धरण होत होतं. ते भरल्यावर पाणी कुठवर चढणार ती रेघ नकाशावर आखलेली होती. नलवडे हे तिथले जुने भूमापक. ते नकाशा डिजिटायझरच्या पाटावर चिकटवायचे आणि ती रेघ गिरवत जायचे. प्रत्येक वळणावर एक बटण दाबायचं, की एक बिंदू संगणकात उतरायचा. माझ्या प्रोग्रॅमनं ते सगळे बिंदू क्रमानं जोडून त्यांचा एक बहुकोन करायचा, त्याचं बंदिस्त क्षेत्र बनवायचं आणि मग खोऱ्यातल्या एकेका घराबद्दल विचारायचं, हे घर आत की बाहेर? आत असेल तर बाधितांच्या यादीत नाव आणि पुनर्वसनात प्लॉट. बाहेर असेल तर काही नाही.

अशा कामात बिंदूंचा क्रम फार महत्त्वाचा. एक बिंदू मागेपुढे झाला तर कडा एकमेकींना छेदतात आणि सगळी आकृती पिळलेल्या धोतरासारखी होते. आठशे बिंदूंत नलवड्यांचा एकही बिंदू चुकला नव्हता. मी कौतुक केलं तेव्हा ते म्हणाले, "आमाला पहिल्या दिवशी शिकिवलेलं. साखळी घेऊन बांधानं चालायचं तर मोजायची जमीन कायम उजव्या हाताला ठेवायची. मग कितीबी मोठं रान आसू द्या, मानूस चुकत न्हाई."

दिवसभरात माझं बोलणं व्हायचं ते एवढंच, नलवड्यांशी आणि साहेबांशी. संध्याकाळी साडेपाचला ऑफिस बंद झालं की मी लॉजवरच्या खोलीत जायचो. आई माझ्या इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षी गेली होती. बाबा दादाकडे हैदराबादला राहायला गेले आणि नांदेडचं घर विकलं गेलं. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं. फक्त दिवाळीला कुठं जायचं ते कळेना, म्हणून मी त्या वर्षी साहेबांना सांगितलं, की काम मागं पडलंय, मी इथंच थांबतो. रविवारी तर खानावळीत "एक ताट" आणि "बास" हे दोनच शब्द तोंडातून निघायचे. सोमवारी सकाळी नलवडे "काय, बरं हाय का?" म्हणायचे तेव्हा माझा घसा बसल्यासारखा आवाज यायचा.

आम्ही त्या टेकावर गेलो तो शुक्रवार होता. जीप नदीपर्यंत गेली, पुढं चालत. नलवडे साठीला आलेले, पण चढण त्यांनी न थांबता काढली. मी दोनदा बसलो. वर पोचलो तर एक कारवीच्या कुडाचं घर, गवतानं शाकारलेलं, शेणानं सारवलेलं अंगण आणि दावणीला तीन म्हशी. दारात एक बाई दोरी वळत बसली होती. वय असेल साठच्या आसपास. उंच, काटक, कपाळावर गोंदलेलं.

"कोन हाय?"

"ठकूबाई, आमी मोजनीवालं," नलवडे म्हणाले. "मागं दोन वर्सांमागं येऊन गेलो न्हवं का."

"व्हय व्हय. आन ह्यो?"

"ह्यो पुन्याचा. संगनकावर काम करतोय."

तिनं मला आपादमस्तक बघितलं. "लई घाम फुटलाय. बस," म्हणाली आणि आत जाऊन दोन तांबे ताक घेऊन आली. ताक मी घटाघट प्यालो. तिनं न विचारता आणखी एक तांब्या आणला, तोही प्यालो. नलवड्यांनी दुर्बीण लावली, पट्टी धरायला मला उभं केलं, आकडे लिहून घेतले. उंची बरोबर होती. सात मीटर आणि वर थोडं.

नलवडे साहित्य आवरत होते तेव्हा मी तिच्याशी बोलायला बसलो. ठकूबाई येडगे. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. दोन मुली, दोघीही नदीपलीकडच्या वाड्यांमध्ये दिलेल्या. आधी टेकावर तीन घरं होती. दोन उठून गेली, कुणी मुंबईला, कुणी कुठं.

"मग तुम्ही एकट्याच इथं?"

"म्हशी हायत की."

"भीती नाही वाटत?"

"कशाची?"

मी म्हटलं, "धरण झालं की पाणी येणार. या टेकाला चारी बाजूंनी. खाली जायला वाट राहणार नाही."

"आयकलंय," ती दोरीला पीळ देत म्हणाली. "यीना का. पानी काय, वर तर चढत न्हाई न्हवं?"

"नाही. वर नाही चढत."

"मग झालं."

मला वाटलं, हिला काही कळलेलं नाही. उतरताना मी नलवड्यांना विचारलं, "अशा घरांचं काय करतात हो? बुडत नाही, पण बेट होतं."

"निराळा प्रस्ताव घालावा लागतो. वरपर्यंत जातोय, परत येतोय, परत जातोय. एका घरासाठी कोन घालतंय?"

"साहेब घालतील का?"

"साहेबांस्नी चारशे बारा घरांचंच निस्तरंना झालंय."

मी मागं वळून पाहिलं. टेकाच्या कडेला ती उभी होती. एवढ्या मोठ्या खोऱ्यात ते एकच माणूस. पाणी आल्यावर ती तिथं कशी असेल ते मला डोळ्यांसमोर दिसलं. शनिवार-रविवार मी दुसरा विचारच केला नाही. भिंतीकडे तोंड करून पडलो की ते टेक दिसायचं, भोवती पाणी, आणि हाक मारली तरी ऐकणारं कुणी नाही.

सोमवारी दुपारी साहेब जेवायला घरी गेले होते आणि नलवडे चहाला. मी प्रोग्रॅम उघडला.

आत आणि बाहेर ठरवण्याच्या दोन रीती असतात. पहिली अशी की त्या घरापासून सरळ बाहेर एक रेघ मारायची आणि ती किती सीमा ओलांडते ते मोजायचं. विषम असेल तर घर आत, सम असेल तर बाहेर. ठकूबाईच्या घरापासून रेघ निघाली की आधी टेकाची कड ओलांडायची आणि मग पाण्याची बाहेरची कड. दोन झाल्या, म्हणून बाहेर. दुसऱ्या रीतीत ती सीमा कुठल्या दिशेनं आखली आहे तेही बघतात. दोन सीमा उलटसुलट फिरत असतील तर एकमेकींना खोडतात, पण एकाच दिशेनं फिरत असतील तर मधलं सगळं आतच धरलं जातं. आणि नलवडे तर मोजायची जमीन कायम उजव्या हाताला ठेवणारे. खोऱ्याला त्यांनी जसा फेरा घातला तसाच टेकालाही घातला होता.

एक शब्द बदलायचा होता. क्षेत्र तयार करणाऱ्या ओळीत पहिल्या रीतीचं 'अल्टरनेट' होतं तिथं दुसऱ्या रीतीचं 'वाइंडिंग' लिहिलं. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पांढरी जागा निळी झाली. यादीच्या शेवटी एक नाव वाढलं : ४१३, श्रीमती ठकूबाई बिरू येडगे. सगळ्या खोऱ्यात दुसरी अशी टेकडी नव्हती, त्यामुळे दुसरं काहीच हललं नाही. नलवडे चहा पिऊन आले आणि म्हणाले, "आज खुशीत दिसताय."

होतोच मी खुशीत. त्या संध्याकाळी मी खानावळीत गोड मागवलं. कुणासाठी तरी काही केल्याला मला फार दिवस झाले होते.

यादीवर साहेबांनी सही केली. पानापानांवर सह्या करताना त्यांचं त्या नावाकडे लक्ष गेलं नाही. यादी गावोगावच्या चावडीवर लागली आणि हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत सुरू झाली. लोक येऊ लागले. कुणाचं नाव राहिलं होतं, कुणाच्या भावाचं लागलं पण याचं नाही, कुणाच्या दोन खोल्यांची एकच खोली लिहिली होती. सगळ्यांचं म्हणणं एकच, आम्हाला आत घ्या.

अठराव्या दिवशी सकाळी ठकूबाई आली. पहाटे टेकावरून निघून ती चालत आली होती. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, हातात काठी. रांगेत उभी राहिली आणि पाळी आल्यावर साहेबांच्या टेबलापुढं येऊन म्हणाली, "साहेब, माजं नाव खोडा."

साहेबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "नाव घालायचंय का, बाई?"

"न्हाई. खोडायचंय. तलाठ्यानं वाचून दावलं. माजं घर बुडत न्हाई, मग माजं नाव बुडितात कसं आलं?"

साहेबांनी यादी उघडली. चारशे तेरावर बोट ठेवलं. मग खुर्ची फिरवून माझ्याकडे पाहिलं.

"देगलूरकर, इकडे या."

मी गेलो. नलवडेही आपल्या जागेवर उठून उभे राहिले.

"ह्यो पोरगा आल्ता," ठकूबाईचा चेहरा एकदम खुलला. "ह्येनं बघितलंय. माज्याकडं ताक प्यालाय ह्यो. ह्येलाच इचारा साहेब, बुडतंय का माजं घर."

"बाई, थांबा जरा," साहेब म्हणाले. "देगलूरकर, मागे मी इथं पांढरं बघितलं होतं."

"हो साहेब."

"मग?"

खरं सांगायला तीन शब्द पुरे होते. मी ते बदललं. एवढंच म्हणायचं होतं. साहेब चिडले असते, कंपनीला पत्र गेलं असतं, कदाचित माझी नोकरी गेली असती. पण नोकरीच्या भीतीनं मी गप्प बसलो असं म्हणून मी स्वतःला सोडवून घेणार नाही. भीती होती, पण त्याहून जास्त मला वाटत होतं, की माझंच बरोबर आहे. या बाईला तिचं भलं कळत नाही आणि मला ते कळतं.

"ती आधीची आवृत्ती होती साहेब," मी म्हणालो. "सीमेच्या हिशेबात एक त्रुटी होती, ती नंतर दुरुस्त केली. घर आतच येतं."

"साहेब, सात मीटर वर हाय जागा," नलवडे मागून म्हणाले. "मोजून आनलंय मी."

"संगणक आत दाखवतोय ना?" साहेबांनी मलाच विचारलं. "माझ्याकडे बघून सांगा."

मी त्यांच्याकडे बघितलं. "हो. आत दाखवतोय."

तेवढं खोटं नव्हतं. संगणक आतच दाखवत होता.

साहेबांनी सुस्कारा टाकला. मला वाटतं त्यांनाही थोडं हलकं वाटलं. "बाई, हे बघा," ते समजुतीच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या चांगल्याचंच आहे. उद्या चहूकडून पाणी येणार. रात्री-अपरात्री दुखलंखुपलं तर काय कराल? नव्या गावठाणात रस्ता आहे, नळ आहे, दवाखाना आहे. लोक इथं नाव घालायला भांडतात."

"लोकांचं लोकांपाशी. माजं इचारा."

"आता मशीननं ठरवलंय. माझ्या हातात काही नाही."

ती साहेबांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. गर्दीत ओळखीचा माणूस म्हणून हात धरावा आणि तो अनोळखीच निघावा, तसा चेहरा झाला होता तिचा. मग तिनं काठी उचलली. दारापर्यंत जाऊन थांबली आणि म्हणाली, "तू न्हवतास का रं आल्ता?"

ती गेली.

त्या दिवसापासून नलवडे माझ्याशी कामापुरतंच बोलू लागले. सकाळचं "बरं हाय का?" बंद झालं. एकदा पाटावरचा नकाशा गुंडाळताना ते स्वतःशीच पुटपुटावं तसे म्हणाले, "माज्या मापात खोट न्हवती." त्यांना सगळं कळलं होतं की नुसता संशय होता, मी कधी विचारलं नाही. मार्चमध्ये काम संपलं आणि मी पुण्याला परतलो. निरोपाला साहेबांनी हात मिळवला. नलवडे रजेवर होते.

पुढची सहा वर्षं मी तीन नोकऱ्या बदलल्या. चांगला पगार, कोथरूडला भाड्याचा फ्लॅट. लग्नाचं दोनदा जमता जमता राहिलं. ठकूबाईची आठवण यायची आणि मी स्वतःला सांगायचो, नळ आहे, दवाखाना आहे. २००४च्या डिसेंबरात कामासाठी कोल्हापूरला गेलो होतो. परत येताना त्या नव्या गावठाणाचा फाटा लागला. गाडी आत वळवली.

एकसारखे प्लॉट, एकसारखी घरं, रस्त्याच्या कडेला वाळलेली रोपं. चारशे तेरा नंबरच्या प्लॉटवर घर नव्हतंच. चार दगड आणि मध्ये गुडघाभर गवत.

"ठकूमावशी व्हय?" शेजारच्या अंगणात भांडी घासणारी बाई म्हणाली. "ती कुटली ऱ्हातीया हितं! म्हईनाभर आमच्याच पडवीत होती. म्हशींना चरायला रान न्हाई, दोन इकाय लागल्या. मंग पानी भरायच्या आदीच तिसरी घेऊन एक दिस चालत गेली माघारी. आता तितंच आसती, पान्यात."

मी धरणाच्या कडेला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मासेमारीच्या होडीवाल्याला म्हटलं, टेकावर सोड. तो म्हणाला, मावशीकडं व्हय, चला. जणू रोज कुणीतरी जातच असतं.

ती आता वाकली होती. घराच्या जागी पाल्याचं खोपट होतं. कुडाच्या भिंती मोडून एका बाजूला ढीग पडला होता. म्हैस एकच, खाली उतारावर चरत होती. ठकूबाईनं मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं तरी नाही. मी म्हटलं, "मोजणीवाल्यांबरोबर आलो होतो. ताक प्यालो होतो."

"आसं व्हय," ती म्हणाली.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तो एक शब्द, ती सोमवारची दुपार, साहेबांपुढचं खोटं. संगणकाचं तिला किती कळलं देव जाणे, पण मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे ते यंत्रानं न्हाई केलं?"

"नाही. मी केलं."

"आन मी आपली यंत्राला शिव्या देतीया सा वरसं." ती खोपटाच्या सावलीत बसली. "कशापायी केलंस?"

"तुम्ही इथं एकट्या पडाल असं वाटलं."

"मला इचारायचं हुतंस," ती म्हणाली.

नंतर तिनं त्या मोडलेल्या ढिगाकडे बोट केलं. टेक आता सरकारी झालं होतं. तिला प्लॉट दिला म्हणजे ही जागा तिची उरली नाही. दोन वर्षांत दोनदा माणसं येऊन घर मोडून गेली होती, अतिक्रमण म्हणून. "माज्या सासऱ्यानं बांधल्यालं घर," ती म्हणाली. "त्यात मी चोर झाले." आवाज चढवला नाही. मग उठून म्हशीला पाणी दाखवायला गेली. होडीवाला खालून हाका मारू लागला म्हणून मी उतरलो.

पुण्याला येऊन मी सगळं लिहून काढलं. प्रोग्रॅमची ती ओळ, आधी काय होतं, नंतर काय केलं, टेकाची उंची, तारीख, साक्षीदार म्हणून नलवड्यांचं नाव. स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र केलं आणि त्या कार्यालयात नेऊन दिलं. मुजावरसाहेबांची बदली झाली होती. नवे साहेब म्हणाले, "हे देऊन तुम्हाला काय मिळणार?" जुन्या कंपनीनं मला वकिलाची नोटीस पाठवली, पुढे काही झालं नाही. नलवडे निवृत्त झाले होते. त्यांनी जबाब दिला, मोजणीची जुनी वही घेऊन गेले आणि सात मीटरचा आकडा दाखवला, असं मला कार्यालयातून कळलं. मला त्यांनी पत्र लिहिलं नाही. मी चार-पाच वेळा खेटे घातले. अखेर दीड वर्षानं कागद निघाला. प्लॉट परत घेऊन श्रीमती येडगे यांचं नाव यादीतून वगळण्यात येत आहे आणि टेकावरील जागा त्यांच्याकडे कायम ठेवण्यात येत आहे.

त्याची प्रत मी स्वतः घेऊन गेलो. शनिवार होता. होडीतून उतरून वर गेलो तर ती कुडाला शेण लिंपत होती. नवं घर निम्मं उभं राहिलं होतं. दोघी मुली आणि जावई येऊन मेढीचे खांब रोवून गेले होते.

"वाच," ती हात न धुताच म्हणाली.

मी वाचला. कार्यालयाची भाषा होती, तिला कळेना. मी पुन्हा सोपं करून सांगितलं.

"म्हंजे आता मी भाईर?"

"हो. बाहेर."

"कायमची?"

"कायमची."

ती हसली. पहिल्या भेटीत ती हसली होती की नाही ते मला आठवत नाही, पण या वेळी ती तोंडभर हसली. तिचे पुढचे दोन दात पडले होते. कागद तिनं माझ्याकडून घेतला आणि शेणाचा हात लागू नये म्हणून कोपराच्या बेचक्यात धरून आत नेऊन ठेवला. बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"जेवलायस?"

"हो, खाली खाल्लं."

"आता आलायस तर ऱ्हा की दोन दिस. उद्या थोरलीची पोरं यायच्यात. कालवा आसतोय नुसता. तुजं कोन वाट बगनारं हाय का घरी?"

"उद्या ऑफिस आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिला वाराचं काही नव्हतं. "बरं," ती म्हणाली, "ज्याचं त्याला काम," आणि पुन्हा शेणात हात घातला.

मी खाली उतरलो. होडीवाल्यानं वल्हं मारलं, टेक हळूहळू मागं सरू लागलं. मध्यावर आलो असू तेव्हा वरून हाक आली. लांब, हेल काढून, पाण्यावरून थेट माझ्यापर्यंत. मी झटकन वळलो. ती टेकाच्या कडेला उभी राहून हात हलवत होती. मीही होडीत उभा राहिलो आणि हात वर केला.

"बसा बसा, होडी कलंडंल," होडीवाला म्हणाला. "म्हशीला बोलावतीय ती."

उतारावरच्या झुडपांतून म्हैस बाहेर आली आणि सावकाश तिच्याकडे चढू लागली. मी खाली बसलो.